कम्प्युटर खोलताना नेमकं कशाला घाबरायचं?

शाळेच्या तंत्रवर्गात जुना डेस्कटॉप मुलांसमोर खोलायचा म्हटलं की मुख्याध्यापकांना शॉकची धास्ती वाटते, पालकांना वाटतं मोडतोड शिकवतायत, आणि मुलांना खात्री असते की आत सोनं आहे. तिघांच्या म्हणण्यात थोडंथोडं तथ्य आहे. पण जिथे खरोखर जपायला हवं ती जागा मात्र तिघांनाही ठाऊक नसते. निर्धास्तपणे हात घालता येईल असा मदरबोर्ड पाहून लोक बिचकतात, आणि जिच्या वाटेला जाऊ नये ती पत्र्याची डबी उत्साहाने उघडायला निघतात.

वस्तू खोलून शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्यावरच सगळा भर दिला. २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. तेव्हा प्रश्न खोलावं का हा नसून कसं खोलावं हा आहे. एक सरकारी बाब मात्र आधी उरकून घ्या. शाळेचं मशीन डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असेल, तर त्याचं निर्लेखन झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. नाहीतर शिकवण्याचं कौतुक राहील बाजूला आणि खुलासे लिहीत बसावं लागेल.

‘सीपीयू म्हणजे तो उभा डबा’

बोलण्यात तसंच रूढ झालंय, आणि दुकानदारही तेच म्हणतो. पण तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आत पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकखाली दडलेला असतो. शाळांमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या कोअर टू ड्युओ मशीनमध्ये तो जेमतेम पावणेचार सेंटिमीटर बाजूचा चौकोन आहे, आणि त्याच्या आतला सिलिकॉनचा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. हा फरक नुसता पुस्तकी नाही. ‘तुमचा सीपीयू गेलाय’ असं कुणी सांगितलं, तर ‘नक्की काय गेलंय?’ एवढा एक प्रश्न विचारल्याने पैसे वाचू शकतात. प्रोसेसर सहसा जात नाही. जातो तो एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पत्र्याची डबी), हार्ड डिस्क, एखादा पंखा, नाहीतर रॅमचा संपर्क.

प्रोसेसरपर्यंत पोहोचताना एक जागा नाजूक आहे. हीटसिंक सरळ वर ओढू नका. वाळलेली थर्मल पेस्ट डिंकासारखी धरून ठेवते, आणि एएमडीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत हीटसिंकला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकवून. हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सैल करावा. इंटेलच्या कोअर टू ड्युओच्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसून मदरबोर्डाला असतात, ७७५ स्प्रिंगा एकीला एक लागून. तिथे बोट लागलं की बोर्ड संपला. आणि पेस्ट जितकी जास्त तितका गारवा, हेही खरं नाही. धातूच्या मानाने पेस्ट उष्णता फारच कमी वाहते. तिचं काम दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटी भरणं एवढंच. मधोमध छोटा थेंब पुरतो.

‘बटण बंद केलं, आता भीती नाही’

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त बेफिकिरी इथेच होते.

१९९५ मध्ये एटीएक्स पद्धत आली तेव्हापासून कॅबिनेटच्या पुढचं बटण वीज तोडत नाही. ते मदरबोर्डाला फक्त खूण करतं. कम्प्युटर ‘बंद’ असतानाही एसएमपीएसच्या जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट चालूच असतात, म्हणून तर मदरबोर्डावरचा छोटा दिवा लुकलुकत राहतो. भिंतीवरचा स्विच बंद केला तरी तो एकच तार तोडतो. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर फेज कम्प्युटरच्या आतपर्यंत पोहोचलेलाच राहतो. म्हणून पिनच काढायची. ‘अर्थिंग राहावं म्हणून पिन लावून ठेवा’ हा जुना सल्ला वर्गासाठी सोडून द्या. पिन काढल्यावर पुढचं बटण दाबून धरा. पुष्कळदा पंखा क्षणभर थरथरतो आणि थांबतो. उरलेली वीज गेली, हे मुलांना त्यातून डोळ्यांनी दिसतं.

ही युक्ती मदरबोर्डापुरती. एसएमपीएसच्या डबीत गोष्ट निराळी आहे. २३० व्होल्टची एसी तिथे डीसी होते तेव्हा मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा साठा हळूहळू उतरवणारे रेझिस्टर असतात. पण वर्गात येणारा एसएमपीएस बहुधा बिघडलेलाच असतो, आणि बिघडलेल्यातलं नेमकं काय बिघडलंय हे बाहेरून कळत नाही. तेव्हा नियम साधा: डबी कॅबिनेटमधून काढा, तिच्या वायरी दाखवा, पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ची, नारिंगी ३.३ची, काळी ग्राउंडची. पण डबीचं झाकण उघडायचं नाही. शिक्षकांनीही नाही. जुना जाडजूड, मागे पोट असलेला मॉनिटर असेल तर तोही तसाच बाजूला ठेवा. त्याच्या पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि तोही काही काळ टिकून राहतो.

या दोन वस्तू वगळल्या, तर पिन काढलेल्या डेस्कटॉपमध्ये शॉक देईल असं काही उरत नाही. ओरखडे मात्र मिळतात. स्वस्त कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडा पात्यासारख्या असतात.

‘रबरी चप्पल घातली की झालं’

विजेच्या शॉकसाठी हा सल्ला ठीक. स्थिर विजेच्या बाबतीत नेमकं उलट होतं. अंगावर साठलेला भार जमिनीत उतरायला हवा, तर चप्पल त्याची वाटच अडवते. बोटाला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. काही चिपांना त्याच्या कितीतरी पट कमी व्होल्टने इजा होते. ‘मला तर काहीच जाणवलं नाही’ हा त्यामुळे पुरावा होत नाही. पण याचा बाऊही नको. कोकणात जुलैच्या दमट हवेत भार फारसा टिकत नाही; नागपूरला एप्रिलच्या कोरड्या हवेत टिकतो. रॅम किंवा बोर्ड हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा, आणि पार्ट कडेने धरायचा. मनगटी पट्टा असेल तर उत्तमच, नसेल तर वर्ग अडू नये.

‘रॅम काढली, आता फोटो गेले’

रॅममध्ये वीज आहे तोवरच माहिती असते. कम्प्युटर बंद झाला तेव्हाच ती रिकामी झाली. फोटो हार्ड डिस्कवर असतात. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल काढला तरी फाइली जात नाहीत. तारीख-वेळ आणि काही सेटिंग जातात. सेल संपलेल्या मशीनवर तारीख मागे पडते, मग सुरक्षित वेबसाइट ‘प्रमाणपत्र चुकीचं’ म्हणून उघडत नाहीत, आणि आपण व्हायरसच्या नावाने शंख करतो. सेल फार तर पन्नास रुपयांच्या आसपास मिळतो.

रॅमला खोडरबर मारण्याची आपल्याकडची गल्लोगल्लीची विद्या निव्वळ अंधश्रद्धा नाही. संपर्कपट्टीवरचा मळ त्याने निघतो. पण बऱ्याचदा रॅम काढून नीट बसवली एवढ्यानेच काम झालेलं असतं. जोर लावून घासत राहिलं तर मळाबरोबर सोन्याचा मुलामाही उतरतो.

‘खोललेला परत जुळत नाही’

जुळतो, कारण बनवणाऱ्यांनी चूक होऊ नये अशीच रचना केली आहे. डीडीआर २ आणि डीडीआर ३ रॅमच्या पट्टीवर संपर्कबिंदू सारखेच, २४०. पण खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एक दुसरीच्या जागी बसतच नाही. मुलाने जोर लावला तर ओरडण्याआधी त्याला खाच दाखवा.

खरी गंमत पुढच्या बटणाच्या बारीक वायरींपाशी होते. मदरबोर्डाच्या कोपऱ्यात पिनांची एक इवलीशी रांग, आणि तिच्यावर पॉवर स्विच, रीसेट, पॉवरचा दिवा, डिस्कचा दिवा असे सुटे कनेक्टर. आकार सगळ्यांचा जवळजवळ सारखा. स्विचची वायर उलटी लावली तरी चालते, कारण त्याला फक्त दोन पिना क्षणभर जोडायच्या असतात. दिवा उलटा लावला तर लागत नाही, पण जळतही नाही, फिरवून लावायचा. म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. दुसरी अडचण स्क्रूंची: हार्ड डिस्कला जाड आट्यांचा स्क्रू, डीव्हीडी ड्राइव्हला बारीक आट्यांचा. दोन्ही एकाच वाटीत टाकले की पंधरा मिनिटांत कुणीतरी आटे मारतोच. आणि मदरबोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ मोजून ठेवा. भलत्या भोकात एक जादा राहिला, तर बोर्ड मागून शॉर्ट होतो.

हार्ड डिस्क

चुंबकी स्क्रू ड्रायव्हरने डेटा उडत नाही. डिस्कच्या आतच त्याहून कितीतरी जबर निओडिमियमचे चुंबक बसवलेले असतात. चालू स्थितीतली डिस्क मात्र उघडली की गेलीच. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीपासून हेड काही नॅनोमीटरवर तरंगतं. त्या फटीपुढे धुळीचा कण म्हणजे डोंगर. तेव्हा उघडायची ती मेलेली डिस्क, आणि जपून, कारण काही तबकड्या काचेच्या असतात.

‘फॉरमॅट केलं म्हणजे पुसलं’ हा गैरसमज इथे सर्वात महागात पडतो. क्विक फॉरमॅट नुसती अनुक्रमणिका कोरी करतं, मजकूर बराचसा जागेवरच असतो. शाळेच्या डिस्कवर मुलांचे आधार क्रमांक, पत्ते, निकाल असू शकतात. पूर्ण पुसून घ्या, किंवा तबकड्या वर्गातच निकामी करा.

सोनं किती?

आहे, पण संपर्कबिंदूंवर, मायक्रॉनहूनही पातळ थरात. टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांसाठी जपानने ७८,९८५ टन जुनी उपकरणं आणि त्याशिवाय लाखो मोबाइल गोळा केले. त्यातून सोनं निघालं सुमारे ३२ किलो. तेही कारखान्यात. घरी किंवा शेडमध्ये ते काढणारे तीव्र आम्लं वापरतात, आणि त्यांचा धूर व सांडपाणी माणसांच्या व जमिनीच्या अंगात मुरतं. व्हिडिओ पाहून असं काही करायचं वर्गात कुणाच्या डोक्यात असेल, तर तिथेच थांबवा.

ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि ई-कचऱ्यावर प्रक्रिया फक्त नोंदणीकृत उद्योगांनीच करायची आहे. त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. खोललेला कम्प्युटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवण्याआधी ती यादी एकदा पाहा, आणि न उघडलेला एसएमपीएस यादीतल्या उद्योगाकडे जसाच्या तसा द्या.