एक विमान, किती नावं!

४४-४४०५२. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या कारखान्यातून १९४४ मध्ये बाहेर पडलेल्या या बी-२४ लिबरेटरचा हा अमेरिकी क्रमांक. रॉयल एअर फोर्सकडे येताच ते केएच १९१ झालं. युद्ध संपल्यावर कानपूरच्या तळावर लिबरेटरची रांगच्या रांग टाकून दिली गेली. उसनवारीच्या करारानुसार ती परत करायची, नाहीतर निकामी करायची. म्हणून इंजिनांत वाळू ओतली, कॉकपिटमधल्या उपकरणांवर घाव घातले. तरीही हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी १९४८ पासून एकाचे भाग दुसऱ्याला जोडत चाळीसएक विमानं उभी केली. तात्पुरती डागडुजी करून ती कानपूरहून उडवत बेंगळुरूला नेली, हे धाडस आजही थक्क करतं. याच जोडाजोडीमुळे एकाच सांगाड्याचा इतिहास लावणं कठीण होतं.

भारतीय लिबरेटर १९६८ पर्यंत उडत राहिले. समुद्रावर टेहळणी करणाऱ्या पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनकडेही ते होते.

आपलं केएच १९१ ऐंशीच्या दशकात आधी ब्रिटिश संग्राहकाकडे, मग अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलं आणि १९८९ मध्ये पुन्हा उडालं. त्याच्या नाकावर आधी ‘ऑल अमेरिकन’, मग ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’, २००५ पासून ‘विचक्राफ्ट’ हे नाव रंगवलं गेलं. मूळ ‘विचक्राफ्ट’ इंग्लंडमधून १३० मोहिमांवर गेलेलं वेगळंच विमान. त्याचा मान राखावाच. पण कानपूर-बेंगळुरूची वर्षंही त्या अंगावर कुठेतरी लिहिलेली दिसायला हवीत.