ब्रॉयलर कोंबडीची वाढ व तिच्या अंगची आच

खानदेशात वैशाखाची दुपार ४४-४५ अंशांवर गेली म्हणजे अंगणातील गावरान कोंबडी निंबाच्या सावलीत चोच उघडून धापा टाकीत का होईना, निभावून नेते. परंतु शेडमधील चाळीस दिवसांचे ब्रॉयलर त्याच दुपारी माना टाकतात. असोद्याच्या व आसपासच्या ज्या बंधूंच्या मनात हा जोडधंदा आहे, त्यांनी भांडवल घालण्यापूर्वी यामागील कारण समजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. ते कारण उन्हात आहे, तसेच पक्ष्याच्या पेशीतही आहे.

प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाचे अतिसूक्ष्म भाग असतात. अन्नाचा अंश व श्वासातील प्राणवायू यांच्या संयोगाने त्या एटीपी नामक द्रव्य तयार करतात, व पेशीचे सर्व काम त्याच चलनावर चालते. मात्र चुलीतील सगळी आच भाकरीस लागत नाही, तद्वत अन्नातील शक्तीचा मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. कोंबडीस घामाच्या ग्रंथी नाहीत. तिचे अंग मूळचेच सुमारे ४१ अंश. धापेवाचून तिला फारसा उपाय नाही.

आता जनुकांचे पाहू. वाढीच्या जनुकांच्या हुकमाने स्नायू भराभर वाढू लागले की तंतुकणिकांवरील मागणी वाढते, खाद्य वाढते व उष्णताही वाढते. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाने १९५७ व १९७८ सालचे वाण जसेच्या तसे राखले आहेत. त्यांची २००५ सालच्या ब्रॉयलरशी तुलना २०१४ साली प्रसिद्ध झाली. सर्वांस खाद्य एकच. तरी ५६ दिवसांनी वजने अनुक्रमे ९०५, १८०८ व ४२०२ ग्रॅम भरली! हा फरक केवळ वंशाचा होय. मांस असे वाढले, पण त्यास प्राणवायू पुरविणारी हृदय व फुप्फुसे त्या मानाने वाढली नाहीत. म्हणूनच भरभर वाढणाऱ्या पिलांत पोटात पाणी होण्याचा विकार दिसतो.

एकाच वंशातील दोन पक्षीही सारखे नसतात. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठात असे आढळले की, ज्यांच्या अंगी खाद्य कमी लागते त्यांच्या तंतुकणिकांत गळती अधिक होते. तंतुकणिकांची स्वतःची थोडी जनुके केवळ आईकडून येतात, बाकीची दोघांकडून. भरताच्या वांग्याचे बी कोणत्या झाडाचे धरावे याविषयी आमचे असोदेकर जितके चोखंदळ, तितके कोंबडीविषयी नाहीत. बहुधा कोंबडा पाहूनच समाधान मानतात.

उलट दिशेचे एक जनुकही आहे. त्यास खुजेपणाचे जनुक म्हणतात. त्याच्या योगे वाढीचा रस अंगात असूनही पेशी तो स्वीकारीत नाहीत; मादी लहान राहते व कमी खाते. सामान्य नराशी तिचा संकर केल्यास माद्या पिले पूर्ण वाढीची व नर जवळजवळ तितकेच निपजतात, म्हणून पैदासकारांस ती फायद्याची पडते.

ज्यांच्या शेडमध्ये आजच ब्रॉयलर आहेत त्यांनी वंश बदलणे शक्य नाही. पण आच घालण्याची वेळ त्यांच्या हाती आहे. खाल्लेले पचविताना अंगाची उष्णता आणखी चढते व काही तास टिकते. यास्तव उन्हाळ्यात सकाळी ऊन चढण्यापूर्वीच खाद्य उचलून घ्यावे, दिवसभर गार पाणी अखंड ठेवावे, आणि ऊन पुरते उतरल्यावर व रात्री दिवा लावून खाद्य द्यावे.