गांडूळखत : धंदा करण्यापूर्वी हिशेब समजून घ्या

भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा हा आपण रोज फेकतो तो कच्चा माल आहे. गांडुळांच्या हवाली केला तर दोन-अडीच महिन्यांत त्याचे उत्तम खत होते. घरच्या कुंड्यांसाठी हे काम सोपे आहे. विक्रीसाठी करायचे तर कारागीर, माल आणि भाव या तिन्हींची माहिती हवी.

आधी कारागीर. पावसाळ्यात अंगणात निघणारे, जमिनीत खोल राहणारे गांडूळ या कामाचे नाही. कचरा खाणाऱ्या, वरच्या थरात राहणाऱ्या जाती वेगळ्या. आपल्याकडे 'आयसेनिया फेटिडा' आणि 'युड्रिलस' या जास्त वापरतात. जात विचारूनच सौदा करावा.

तळाला भोके असलेले पिंप सावलीत, विटांवर ठेवावे. खाली नारळाच्या शेंड्या, त्यावर जुने शेणखत घालून गांडुळे सोडावीत. ताजे शेण कुजताना तापते, त्यात ती मरतात. गांडूळ कातडीने श्वास घेते. कातडी सुकली की ते मेले, पाणी तुंबले की गुदमरले. म्हणून वर ओले गोणपाट असावे आणि मूठभर खत दाबल्यावर एक-दोन थेंबच निघावेत. उष्णता ३५ अंशांच्या वर गेली की धोका. मालेगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पिंप ठेवणे म्हणजे भांडवल जाळणे.

१ किलो गांडुळे दिवसाला साधारण अर्धा किलो कचरा संपवतात. जास्त घातला तर तो सडतो, माश्या येतात आणि शेजारी भांडायला येतात. मटण, मासळी, हाडे, तेल, लोणचे घालू नये. आमचे कापडवाले भाऊ विचारतील, कातरण चालेल का? कोरे सुती असेल तर बारीक करून थोडे चालते. रंगवलेले घालू नये, पॉलिस्टर तर कुजतच नाही.

खत काळे, दाणेदार झाले आणि त्याला मातीचा वास आला की पाणी बंद करून उजेडात ढीग करावा. गांडुळे उजेड टाळून खाली जातात. वरचे खत काढून चाळावे.

आता भाव. युरियात नत्र ४६ टक्के, तर गांडूळखताच्या सरकारी मानकात किमान १ टक्का. ते युरियाच्या बदली म्हणून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक होईल. त्याची किंमत वेगळी आहे : माती भुसभुशीत होते, ओल धरते. कुंडीत ४ भाग मातीला १ भाग पुरे.

२००६ पासून हे खत, खत नियंत्रण आदेशाखाली येते. पिशवीत भरून विकण्यापूर्वी कृषी खात्याकडे परवान्याची चौकशी करावी. 'गांडुळे आमच्याकडून घ्या, सगळे खत आम्हीच परत घेऊ' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. त्यांचा नफा गांडुळे विकण्यातच झालेला असतो. रोपवाटिका, बागवाले, कुंड्या ठेवणारी घरे ही गिऱ्हाइके आधी स्वतः पाहावीत. एका पिंपाचा माल खपला, तरच दुसरे मांडावे.