परधानाची किकरी

नागपूरहून अमरावतीकडे जाताना कोंढाळी आणि कारंजा (घाडगे) मागे पडलं की तळेगाव (श्यामजी पंत) लागतं. इथून एक रस्ता आर्वीला फुटतो, दुसरा आष्टीला. उत्तरेकडे सातपुड्याचा पायथा सुरू होतो. दिवाळीच्या सुमारास शेतात कापूस फुटलेला असतो, संत्र्याच्या बागा लगडलेल्या असतात आणि रात्री हळूहळू लांबत जातात. गावोगाव फिरून कथा सांगणाऱ्यांचा हाच हंगाम.

या मुलखानं मोठे फिरस्ते वक्ते पाहिले. शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगे महाराज दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारून बोलतं करायचे. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावं जागवत फिरले. त्यांचा मोझरीचा गुरुकुंज आश्रम याच महामार्गावर आहे. या दोघांचं बोलणं टिकलं, कारण ते कागदावर उतरलं. 'ग्रामगीता' 1955 मध्ये ग्रंथरूपात आली, गाडगेबाबांचं चरित्र गो. नी. दांडेकरांनी लिहिलं. त्यांच्याही कितीतरी आधीपासून डोंगरातल्या वस्त्यांवर रात्र जागवणारा परधान मात्र आपल्या साहित्याच्या इतिहासात जवळजवळ नाहीच.

परधान हे गोंडांचे कथेकरी. ठरावीक परधान घराणं ठरावीक गोंड घराण्यांशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं असायचं. यजमानाच्या घराण्याचा देव कोणता, मूळपुरुष कोण, कोणत्या कुळात सोयरीक चालते, हे सारं परधानाच्या तोंडी. मोबदल्यात धान्य, कपडा, कधी गाय-बैल. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यात या फेरीला मंगतेरी म्हणतात. तिकडे वाद्य बाना. आदिलाबादकडे, म्हणजे यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेपलीकडे, तेच किकरी होतं: तीन तारांचं, घोड्याच्या केसांच्या गजानं वाजवायचं.

ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञानं 1940 च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून काम केलं. तिथल्या परधानांची घरची भाषा मराठी आणि देवांच्या कथा मात्र गोंडीत, हे त्यानं नोंदवून ठेवलं. चुलीपाशी मराठी बोलणारी माणसं शेकडो वर्षं दुसऱ्या समाजाचं महाकाव्य त्या समाजाच्या भाषेत, मुखोद्गत सांभाळत आली. मराठी माणसानं अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट आहे आणि ती आपल्या शाळेच्या एकाही धड्यात असायला हरकत नव्हती.

अशा रात्री काय सांगितलं जातं? लिंगोची कथा. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर भलीमोठी शिळा लावतो. त्यांना सोडवायला लिंगो येतो. महादेव अट घालतो, बिंदो पक्ष्याची पिल्लं आण. लिंगो समुद्रकाठी पोचतो तेव्हा पिल्लं घरट्यात एकटीच असतात. आधीची सगळी वीण भौरनागानं गिळलेली. या खेपेला नाग पाण्यातून वर येतो आणि लिंगो त्याला मारतो. पक्षी परततात, पिल्लं जिवंत पाहतात आणि उपकार फेडायला लिंगोला महादेवाकडे नेतात. गोंड मोकळे होतात. मग लिंगो त्यांना देवांच्या संख्येनुसार कुळांत वाटतो. 'सहा देवे', 'सात देवे' ही ओळख आजही सोयरिकीत विचारली जाते. म्हणजे ही कथा नुसती करमणूक नव्हे. ऐकणाऱ्या पोराला आपण कोण आणि आपलं लग्न कुठे जमू शकतं, हेच ती सांगते. दुसऱ्या एका परंपरेत शिळा हलते ती हिरासुका या वादकाच्या संगीतानं आणि त्या शिळेखाली तोच चिरडला जातो. वाजवणाऱ्यानं आपल्याच पूर्वजाला कथेत दिलेली ही जागा फार बोलकी आहे.

ही कथा आज वाचता येते ती स्टीफन हिस्लॉपमुळे. नागपूरच्या या मिशनऱ्यानं एका परधानाच्या तोंडून ती गोंडीत उतरवून घेतली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याची टिपणं रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं 1866 मध्ये छापली. ऐंशी वर्षांनी, 1946 मध्ये, शामराव हिवाळे यांचा नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. मराठी माणसानं लिहिलेला हा मोलाचा ग्रंथ मराठी वाचकांच्या चर्चेत क्वचितच येतो.

मग यजमान-परधान नातंच सैल झालं. जमिनी तुटल्या, गोठे रिकामे झाले, मुलं शिक्षणाला आणि कामाला शहरात गेली. गाय दान देणारा यजमान राहिला नाही, तेव्हा रात्रभर गाणाराही दुसऱ्या कामाला लागला. काही ठिकाणी कथेनं वाट बदलली. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा परधान तरुण जनगढसिंह श्याम याला चित्रकार ज. स्वामीनाथन यांनी 1980 च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात आणलं. जे देव बान्यावर गायले जात, ते त्याच्या हातून रंगांत उतरले आणि गोंड चित्रकला जगभर पोचली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, तगली, तीही काही घरांनी पोथ्या जपल्या म्हणून. तिथल्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

विदर्भातल्या किकरीला असा हात अजून मिळायचा आहे. सांस्कृतिक महोत्सवात दहा मिनिटांचा कार्यक्रम देऊन ते काम होत नाही, कारण लिंगोची कथा दहा मिनिटांत गुहेच्या तोंडाशीही पोचत नाही. गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघी पौर्णिमेला यात्रा भरते. लिंगोनं गोंडांना सोडवलं ती गुहा हीच, अशी श्रद्धा असल्यामुळे अनेक राज्यांतले गोंड तिथे जमतात. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी मुलांना ध्वनिमुद्रक देऊन तिथे पाठवावं, जाणत्या गायकाला त्याच्या रात्रीचं रीतसर मानधन द्यावं, कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत गोंडीत नोंदवावी आणि शेजारच्या पानावर मराठी अर्थ छापावा. तो अर्थ सांगायला दुभाष्या शोधावा लागणार नाही. गाणाऱ्याच्या घरात मराठीच बोलली जाते.