सातबाऱ्यावर दोघांचं नाव

1955 साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयकरात विवाहित आणि अविवाहित असा फरक पहिल्यांदा केला. लग्न झालेल्याला 2000 रुपयांपर्यंत कर नाही, न झालेल्याला 1000 पर्यंतच माफी. तेव्हा नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यात होते आणि इथल्या बहुतेक संसारांचा आयकराशी संबंधच येत नव्हता. शेतीच्या उत्पन्नावर आजही आयकर नाही. त्यामुळे मराठवाड्यातल्या नवरा-बायकोला सरकारकडून कोणती सवलत मिळत गेली हे पाहायचं, तर तलाठ्याच्या सज्जावर जावं लागतं.

शेतजमिनीवर बायकोचं नाव लावण्याच्या सवलतीची मागणी आंदोलनातून आली. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे शेतकरी नेते शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्याने आपल्या राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारखी गावं पुढे आली. मग 15 सप्टेंबर 1992 रोजी राज्य सरकारचं परिपत्रक निघालं. नवऱ्याने अर्ज द्यायचा, तलाठ्याने फेरफार घ्यायचा आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून चढवायचं. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाही. माझ्या मते विवाहित जोडप्याला या राज्याने दिलेली ही सर्वात मोठी सवलत, आणि सर्वात कमी वापरलेली.

ती वापरताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. बायकोचं नाव खातेदाराच्या रकान्यात, नवऱ्याच्या नावाच्या खाली यायला हवं. ते 'इतर हक्क' या रकान्यात गेलं, तर ती खातेदार होत नाही. नोटिशीची मुदत संपून मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की नवा उतारा काढून हे तपासलंच पाहिजे.

जमिनीनंतर घर. 2003 मध्ये 'घर दोघांचे' मोहीम आली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर पती-पत्नी दोघांची नावं लावण्याचा आदेश निघाला. 2015 पासून राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. शहरातल्या फ्लॅटवाल्यांनाही हा मार्ग मोकळा झाला. मात्र घर भाड्याने दिलं, तर ते भाडं आयकरात देणाऱ्या नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं.

1 एप्रिल 2021 पासून बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळू लागली. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही अशी जाचक अट होती, ती 2023 मध्ये गेली. पण घराची सूट फक्त बाईच्या एकटीच्या नावाला आहे. नवरा-बायकोने मिळून, दोघांच्या पगारावर कर्ज काढून घर घेतलं, तर एक टक्का गेला. मग कर्जासाठी दोघांची नावं लावणाऱ्या जोडप्याने काय करायचं? ही अट सरकारने बदलायला हवी.

हे सगळं महत्त्वाचं का, ते 2018 मध्ये महिला किसान अधिकार मंचाच्या पाहणीत दिसलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या 11 जिल्ह्यांत, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या 505 महिलांशी कार्यकर्ते बोलले. त्यातल्या 40 टक्के जणींच्या नावावर शेतजमीन झालेली नव्हती. नवरा गेल्यावर वारस नोंदीसाठी सासऱ्या-दिराकडे हात पसरावे लागतात. नवऱ्याच्या हयातीत केलेला एक अर्ज हे टाळू शकला असता.

1 ऑगस्टला महसूल दिन असतो. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्या दिवशी गावोगाव लक्ष्मीमुक्तीची शिबिरं लावावीत, जोडप्यांना तिथेच अर्ज भरू द्यावेत आणि महिन्याभरात फेरफार हातात द्यावा. 1992 चं परिपत्रक त्यासाठी पुरेसं आहे.