तूरडाळीचा रंग कोणता?

ब्रँड म्हटलं की मोठमोठ्या कंपन्याच डोळ्यांसमोर येतात. पण लातूरच्या डाळमिलमधून माल उचलून स्वतःच्या नावाने किलो-अर्धा किलोची पाकिटं विकणं, हाही ब्रँडच. घरात कुणी असा धंदा काढला की इंजिनिअरिंगच्या भाच्याला फोन ठरलेला : ‘पाकिटाला कलर कोणता घ्यायचा, कॉम्प्युटरवर बघून सांग!’

पहिला मोह पिवळ्याचा. डाळ पिवळी, म्हणून पाकीटही पिवळं. मला हे पटत नाही. पिवळट प्लास्टिकमधून कुठलीही डाळ छान दिसते, आणि डाळीत मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाची भेसळ होते हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. तेव्हा मधली खिडकी स्वच्छ पारदर्शक ठेवावी, रंग तिच्या भोवती.

पिवळं उठून दिसतं निळ्याशेजारी. पण इथे नुसतं रंगचक्र बघून भागत नाही. आपल्या मराठवाड्यात निळा म्हणजे आंबेडकरी चळवळ, भगवा आणि हिरवा कुणाचे हे तर शेंबडं पोरही सांगेल. त्यातही नांदेडला हजूर साहिबच्या निहंगांचा पोशाख निळा. म्हणजे गावागणिक अर्थ बदलतो. ‘निळा शांत, लाल उत्साही’ असले तक्ते इथे काय कामाचे? म्हणून कुठला रंग टाळा असं मी म्हणणार नाही, डाळ तर सगळेच खातात. फक्त नमुना वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या चार दुकानदारांना दाखवावा आणि ते काय म्हणतात ते निमूट ऐकावं.

आता आपल्या प्रांतातलं. डोळ्याला जाणवणारा उजेड साधारण ७२ टक्के हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि जेमतेम ७ टक्के निळ्याचा. या हिशेबाने पडद्यावरच्या शुद्ध निळ्यावर लाल अक्षरांचा कॉन्ट्रास्ट रेशो येतो २.१५, पांढऱ्यांचा ८.६. वेबसाइटच्या मजकुराला किमान ४.५ लागतो. गंजगोलाईतल्या एखाद्या दुकानात वरच्या फळीवरचं नाव वाचायचंय, हे विसरू नका. शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्यालाही उठून दिसणारी पार्श्वभूमी द्यावीच लागते, तो नियमच आहे.

नावाजलेल्या ब्रँडचे रंग उचलायचा विचार असेल तर सोडा. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ मध्ये रंगसंगतीही मार्क ठरू शकते. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कोलगेटच्या दाव्यात अँकरला दंतमंजनाच्या डब्यावर लाल-पांढरी जोडी वापरायला अंतरिम मनाई केली होती.

खर्चाचं गणित सोपं आहे. पाऊच ग्रॅव्ह्युअरवर छापतात तेव्हा प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणून दोन रंग पुष्कळ. सुरुवातीला तर साधे पाऊच आणि वर स्टिकर पुरे. मॉनिटरवरचा रंग कागदावर तसाच उतरत नाही, त्यामुळे छापील नमुना हातात घेऊन, उन्हात जाऊन बघा. पसंत पडला तो नमुना सही करून कपाटात ठेवा, आणि पुढच्या लॉटला प्रेसवाल्यासमोर तोच धरा.