उपकेंद्रातला हब कटर

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या टेबलावर लसवाहक, कापूस आणि मुलांची कार्डे यांच्या शेजारी हाताने दाबायचे एक छोटे यंत्र ठेवलेले असते: हब कटर. बाळाच्या मांडीतून काढलेली सिरिंज आरोग्यसेविका टोपण न लावता थेट यंत्राच्या भोकात घालते आणि दांडा दाबते. आतले पाते सुईच्या बुडाशी असलेला प्लॅस्टिकचा भाग कापते आणि सुई खालच्या जाड डब्यात पडते. वीज लागत नाही. बाळाचे रडे थांबायच्या आत सुई डब्यात गेलेली असते.

पूर्वी काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरल्या जात. आता लसीकरणात एकदाच चालणारी एडी (ऑटो-डिसेबल) सिरिंज असते. लस टोचली की सिरिंजचा दट्ट्या अडकून बसतो. सिरिंजा पुन्हा वापरल्या की काय होते ते 2009 साली गुजरातमधल्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीच्या साथीने दाखवले. एडी सिरिंजमुळे बाळाचा धोका टळला. टोचणाऱ्या हाताचा मात्र उरला. बाधित रुग्णाची सुई लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला टोचली, तर हिपॅटायटिस बीची शक्यता 6 ते 30 टक्के धरली जाते. एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के.

एडी सिरिंजची सुई निघत नाही, म्हणून ती बुडाशीच कापावी लागते. नुसती सुई मधोमध तोडली, तर टोकदार खुंट सिरिंजवर तसाच राहतो. हब कटर तो ठेवत नाही, आणि कापलेली सिरिंज पुन्हा कोणाला वापरताही येत नाही. इतके साधे आणि इतके नेमके यंत्र सरकारी खरेदीतून खेड्यापर्यंत पोचले, याचे कौतुक करायलाच हवे.

त्याचे दुखणेही तितकेच साधे आहे. पाते बोथट होते. मग प्लॅस्टिक कापले न जाता चेपते, सुई अर्धवट लोंबते आणि ती सोडवायला बोटे पुढे जातात. काम वाचवणारे यंत्र त्या क्षणी स्वतःच धोका बनते. बोथट कटर वेळेवर बदलून मिळणे ही किरकोळ मागणी वाटते. ती किरकोळ नाही.

डब्यातल्या सुया पुढे पांढऱ्या, न फुटणाऱ्या भांड्यात जातात. सिरिंजचे प्लॅस्टिक लाल पिशवीत. ही विभागणी 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ठरलेली आहे. कचरा उचलणारी गाडी पोचत नाही, अशा दुर्गम भागात सुयांसाठी पक्का खड्डा असतो: वर जड काँक्रीटची लादी आणि तिच्यातून वर आलेला अरुंद लोखंडी पाइप. सुया आत पडतात, पण पाइपातून हात जात नाही.

पण पाइपापर्यंत डबा नेतो कोण? बहुतेकदा केंद्राचा सफाई कामगार किंवा उपकेंद्रातली अंशकालीन स्त्री परिचर. सुई शेवटी जिच्या हातातून जाते, तिची नोकरी सर्वात कच्ची. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, वर्षातून एकदा तपासणी करावी, सुई टोचल्यास अपघात म्हणून नोंदवावे, असे नियमच सांगतात. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रा सहा महिन्यांत द्यायच्या असतात. कंत्राटी माणूस त्याआधीच बदलला, तर उरलेल्या मात्रांचा पाठपुरावा कोणी करायचा?

सुई टोचल्यावर काय करायचे तेही ठरलेले आहे. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही. एचआयव्हीचा धोका असेल, तर प्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत घ्यायची. मग 28 दिवस औषध चालू ठेवायचे. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की मुख्य रस्ताच बंद होतो. तिथे दोन तासांचा हिशेब लागायचा असेल, तर औषध जवळच्या केंद्रात आधीच असायला हवे.

शिवाय अपघात सांगायचा कोणाला? आपणच निष्काळजी ठरू, हातचे काम जाईल, या भीतीने बोट पदरात गुंडाळले जाते. महिन्याच्या अहवालात अपघाताच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले जाते आणि वर तपासणारे त्यावर समाधान मानतात. वर्षानुवर्षे निरंक अहवाल देणाऱ्या केंद्राकडेच खरे तर आधी जायला हवे, आणि चौकशी डॉक्टरांच्या खोलीत न करता मागच्या दारी, डबा नेणाऱ्या बाईपाशी करायला हवी.